कातडीतलं हाड आणि तुरीनंतरचं साक्षगंध

पत्र थोडक्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून २७ वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. घरी सहा एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. लहानपणापासून त्याच्या पोटावर, डाव्या मांडीवर आणि खांद्याच्या मागे कातडीत कडक खडे आहेत. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, मांडीवरचा एक रुपयाच्या नाण्यासारखा चपटा. गावातल्या एकाने त्यावर बिब्बा लावून दिला. फोड आले, जखम चिघळली आणि तिच्यातून पांढरा टणक तुकडा बाहेर आला. जिल्ह्याच्या ठिकाणी कातडीच्या डॉक्टरांनी तो तपासायला पाठवला; जखम पुढे भरून आली. रिपोर्ट आला 'ऑस्टिओमा क्यूटिस'. कातडीत हाड तयार झालंय, पुढच्या तपासणीसाठी नागपूरला जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो गेला नाही.

उंची पाच फुटांना थोडी कमी, अंग गोलसर, अनामिका आखूड. आईची बोटं तशीच, मामाचीही तशीच. लहानपणी दोनदा मिरगी आली होती. थंडीत कापूस वेचताना हाताची बोटं आखडतात, ओठांभोवती मुंग्या येतात. खर्र्यातला, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणातला, चुना अंगात साचून त्याचं हाड झालं असं मित्र सांगतात, म्हणून त्याने दूध-दही सोडलं. खर्रा मात्र 'चुना कमी' सांगून चालूच आहे.

तूर घरात आली की साक्षगंध ठरलंय. मुलगी मामाचीच, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिला यातलं काही माहीत नाही. आई म्हणते, "सांगून कायले फाटे फोडतं? आपलीच पोरगी हाये, घेईन सांभाळून." तो विचारतो : सांगितलं तर सोयरीक मोडेल अन् आईचं माहेर तुटेल, नाही सांगितलं तर पहिल्याच रात्री तिच्या हाताला लागेल. काय करू?

उत्तर

भाऊ,

सांगू की नको, असं तुम्ही विचारलंय. पण तुमचं पत्र वाचताना मला आधी दुसरीच काळजी लागली. सोयरिकीचं बोलूच, जरा पुढे बोलू. त्याआधी दुधाचं बोलू.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. म्हणजे केसपेपर हातात घेऊन भांबावलेल्या माणसाला कोणत्या खिडकीवर जायचं ते सांगायचं, आणि डॉक्टर घाईत जे बोलून गेले ते त्याच्या भाषेत पुन्हा बोलायचं. तेच आत्ता करते. निदान मात्र तपासणाऱ्याने करायचं, मी नाही.

तुमच्या कातडीत जे आहे ते खरंखुरं हाड आहे. चुन्याचा खडा नाही. कातडीत नुसता कॅल्शियमचा क्षार साठण्याचा आजार वेगळा असतो, त्याला कॅल्सिनोसिस म्हणतात. तुमच्या रिपोर्टात हाड आहे, म्हणजे तिथे हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी कामाला लागल्या आहेत. कधी कधी अशा तुकड्यात हाडातली मज्जासुद्धा सापडते. बाळ आईच्या पोटात वाढत असताना कवटीची हाडं ज्या पद्धतीने पडद्यातून थेट बनतात, तशाच पद्धतीने हे कातडीत बनतं. पेशींना कुठे थांबायचं हे सांगणारा निरोप कमी पडतो, म्हणून चरबी व्हायची ती पेशी हाडाच्या वाटेला लागते. यात खाल्लेल्या चुन्याचा काही संबंध नाही, दुधाचाही नाही. 'ओमा' हा शब्द ऐकून कॅन्सर आठवला असेल, तर तोही हा नव्हे. आणि हे शिवल्याने कोणाला लागत नाही.

खर्रा सोडा, पण तोंडासाठी सोडा. तोंड उघडेनासं होतं, पुढे काय होतं, ते गावात तुम्ही पाहिलं असेल. हाडाचं निमित्त करून सोडाल तर चार महिन्यांनी खडे जागेवरच दिसतील आणि खर्रा परत सुरू होईल.

आता दूध. बोटं आखडणं, ओठांभोवती मुंग्या, लहानपणची मिरगी. ही तीन वाक्यं तुम्ही पत्रात तीन वेगवेगळ्या जागी लिहिली आहेत, जणू त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की नेमकं हेच होतं. त्यातून येणारे झटके मिरगी समजून वर्षानुवर्षं मिरगीच्याच गोळ्या चालू राहतात, कॅल्शियम कोणी मोजतच नाही. तुमच्या बाबतीत ते कमी आहेच असं मी म्हणत नाही. पण कमी असण्याची शक्यता आहे, आणि अशा वेळी तुम्ही स्वतःच्या मनाने दूध-दही बंद केलंय. ते आजपासून सुरू करा. कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मात्र मेडिकलवरून आपल्या मनाने घेऊ नका. आधी रक्त तपासलं गेलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात. वेचणी अर्धी असली तरी. आणि त्याआधी कधी झटका आला, श्वास अडकल्यासारखा झाला, हात वळून सुटेनासे झाले, तर बाजारच्या दिवसाची वाट न पाहता त्याच क्षणी जवळच्या रुग्णालयात.

कातडीतलं हाड, आखूड अनामिका, कमी उंची, गोल अंग आणि कमी कॅल्शियम एकत्र दिसलं की डॉक्टरांच्या मनात एक नाव येतं : अलब्राइट. फुलर अलब्राइट हे बोस्टनचे डॉक्टर. १९४२ साली त्यांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं. कॅल्शियम सांभाळणारं एक संप्रेरक गळ्यातल्या चार बारीक ग्रंथींमधून निघतं, त्याला पॅराथॉर्मोन म्हणतात. या रुग्णांत ते कमी नसतं, उलट जास्तच असतं. पण शरीर त्याचं ऐकत नाही. अलब्राइटनी याला कोंबड्याच्या एका जातीचं नाव दिलं. सीब्राइट बँटम जातीचा कोंबडा असतो नर, पण त्याची पिसं कोंबडीसारखी. त्यांना वाटलं, याच्या अंगात नराचं संप्रेरक आहे, पिसं मात्र त्याला जुमानत नाहीत. कोंबड्याच्या पिसांचं खरं कारण पुढे वेगळंच निघालं, पण माणसांबद्दलचा त्यांचा तर्क बरोबर ठरला. ज्यांच्या अंगणात कोंबड्या आहेत त्यांना हा आजार समजावून सांगायला मला याहून सोपं काही सापडलेलं नाही.

दहा वर्षांनी, १९५२ मध्ये, त्यांनाच असा रुग्ण दिसला की बोटं आखूड, बांधा तसाच, पण कॅल्शियम अगदी ठीक. त्यालाही नाव मिळालं, ते इतकं लांबलचक आहे की इथे लिहीत नाही. पहिल्या आजाराच्या नावातच 'स्यूडो', म्हणजे खोटं, हा शब्द आहे; या दुसऱ्याचा अर्थ 'खोट्यातलं खोटं' असा होतो. तुमच्या आईकडे पाहून मला तो दुसरा प्रकार आठवला. बोटं आखूड, पण पेटके किंवा मिरगी असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

एकाच घरात दोन तऱ्हा कशा? यामागे जे जनुक आहे त्याचं नाव जीएनएएस. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या जनुकाची गंमत अशी की मूत्रपिंडाच्या काही भागात आणि थायरॉइडमध्ये मुख्यतः आईकडून आलेली प्रतच काम करते, वडिलांची जवळपास गप्प बसते. म्हणून तोच बिघाड आईकडून आला तर संप्रेरकं ऐकली जात नाहीत, कॅल्शियम घसरतं, थायरॉइडही बिघडतं. तोच बिघाड वडिलांकडून आला तर बांधा दिसतो, कातडीत हाडंही येऊ शकतात, पण कॅल्शियम सहसा नीट राहतं. तुमच्या आईला तो आजोबांकडून मिळाला असेल आणि तुम्हाला आईकडून, तर तुमच्या घरचं चित्र तंतोतंत जुळतं. हा माझा अंदाज आहे, आणि रक्ताच्या एका नळीने तो खोटाही ठरू शकतो. कधी कधी हा बिघाड कोणाकडूनच येत नाही, नव्यानेच उद्भवतो.

हे इतकं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे तुमच्या पत्रातला मामा. 'मामाचीही बोटं तशीच' हे तुम्ही सहज लिहून गेलात. तुमची आई म्हणते मुलगी आपलीच आहे, आणि 'आपलीच' म्हणजे सांगायची गरज नाही असा तिचा अर्थ. मला त्याच शब्दाने उलटं वाटतं. आपलीच आहे म्हणूनच विचारायला हवं. आजोबांकडून आईला मिळालं असेल तर मामालाही मिळालेलं असू शकतं, आणि मामाला असेल तर त्याच्या प्रत्येक मुलात ते उतरण्याची शक्यता निम्मी. तुमची होणारी बायको स्वतः ते घेऊन वावरत असेल आणि तिला कल्पनाही नसेल. तिची अनामिका कधी पाहिलीत का? मूठ वळली की चार टेकड्या दिसतात. या आजारात अनामिकेच्या टेकडीच्या जागी बहुतेकदा खळगा पडतो. अर्थात खळगा दिसला म्हणजे आजार आहेच असं नाही, अनेक धडधाकट माणसांतही तो असतो. खरं कळतं ते हाताच्या एक्स-रेत आणि रक्तात.

तुमच्याकडून तुमच्या मुलात हे जाण्याची शक्यता प्रत्येक बाळंतपणात निम्मी. ते वडिलांकडून गेलेलं असेल, म्हणून त्या मुलाला कॅल्शियमचा त्रास बहुधा होणार नाही. पण कातडीत हाडं येऊ शकतात. फार क्वचित ती लहानपणीच सुरू होऊन कातडीखाली, स्नायूंत, सांध्यांपर्यंत उतरतात आणि हात-पाय वाकेनासे होतात. हा कठीण प्रकार अतिशय दुर्मिळ आहे, पण तो बहुतेक वेळा वडिलांच्या बाजूने आलेल्या बिघाडातूनच होतो, हे २००२ साली सिद्ध झालंय. एकाच घरात एकाला दोन खडे आणि दुसऱ्याला पाठभर, असंही होतं. कोणाला किती, हे आधी सांगता येत नाही. आणि मामाच्या मुलीतही तोच बिघाड असेल तर बाळाला दोन्हीकडून मिळण्याचा प्रश्न उभा राहतो, तो आणखी गंभीर. मामाच्या मुलीशी लग्न करू नका असं मी म्हणत नाही. आपल्याकडे ती रीत आहे आणि त्या रीतीतले सुखी संसार मी पाहिलेत. पण तुमच्या या घरात, या बोटांसह, दोघांची तपासणी होण्याआधी साक्षगंध करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमचा प्रश्न. सांगायचं. आणि साक्षगंधाआधी.

एक बाई एकदा माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. लग्नानंतर तीन महिन्यांनी तांदळाच्या डब्यात तळाशी त्यांना नवऱ्याच्या झटक्यांच्या गोळ्या सापडल्या. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "ताई, बिमारीचं काही नाही. माझ्या घरात माझ्याच डब्यात लपवलं, याचं वाईट वाटते." त्यांचा संसार नंतर नीट चालला, पण त्या घरातला कोणताही डबा त्यांनी पुढे विश्वासाने उघडला असेल असं मला वाटत नाही. तुमची गोष्ट तर डब्यात लपण्यासारखीही नाही. तुम्हीच लिहिलंय, पहिल्या रात्री हाताला लागेल. त्या क्षणी तिला काय वाटेल याची तुम्हाला आत्तापासून धास्ती आहे, आणि ही धास्ती तुमच्याबद्दल चांगलं सांगते.

कायद्याचं एका ओळीत सांगते, घाबरवायला नव्हे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात, महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर तसं लग्न रद्द करून मागता येतं. कलम १२. आईला समजावताना हे उपयोगी पडेल.

तुम्ही गृहीत धरलंय की सांगितलं तर सोयरीक मोडेल. मोडेलही. पण मला एक विचारावंसं वाटतं : त्या मुलीला या सोयरिकीबद्दल कोणी विचारलं होतं का? की ती जन्मली तेव्हापासून 'ही भाच्याला द्यायची' असं ठरून गेलं? तुमच्या पूर्ण पत्रात मामा आहे, आई आहे, आईचं माहेर आहे, मित्र आहेत, बिब्बा लावणाराही आहे. तिने काय म्हटलं याची एक ओळ नाही. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ऐकून, विचार करून उत्तर देण्याइतकी मोठी आहे. कदाचित ती हो म्हणेल. कदाचित तुमच्या निमित्ताने तिला पहिल्यांदाच नाही म्हणायची वाट मिळेल. दोन्ही तिचं आहे.

कसं सांगायचं? बैठकीत नको, पाच पंच बसवून तर नकोच. मामाला आधी सांगितलं तर मामा ठरवेल आणि तिला निरोप मिळेल. म्हणून आधी तिला. तिच्या घरीच, पण ओसरीवर, जिथे कोणी आत-बाहेर करत असेल तरी शब्द ऐकू जाणार नाहीत. मांडीवरचं दाखवायचं नाही, खांद्यावरचं दाखवलं तरी चालेल, तेही तिने विचारलं तर. आणि भाषा साधी ठेवा. असं काही :

"मले लहानपणापासून कातडीत हाड होते. लागट नाही, कॅन्सर नाही. आपल्या दोघाईच्या घराण्यातूनच आलं असू शकते, म्हणून तुह्याही हाताचा एक्स-रे काढून पाहायला पाहिजे. लेकराले जायची भीती आहे. मी तपासून आलो. तू विचार कर, घाई नाही. तू नाही म्हटलं तर मी माह्या आईले सांगीन की मीच नाही म्हटलं."

शेवटचं वाक्य जमेल तर नक्की म्हणा. नकाराचं ओझं तिच्या अंगावर पडणार नाही असं कळलं की ती खरं बोलेल. आणि आईचं माहेर तुटायची जी भीती आहे, तीही त्याने बरीच कमी होते.

पण हे सगळं तपासणी झाल्यावर. आज गेलात तर तिच्या पहिल्याच प्रश्नाला, 'मग डॉक्टर काय म्हणतात?' याला, तुमच्याकडे उत्तर नाही.

तर तपासणी. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रक्ताची सुरुवात होऊ शकते. पुढे नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा एम्स, किंवा वर्ध्याजवळचं सेवाग्रामचं रुग्णालय. तुम्हाला एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांचे डॉक्टर लागतील. ही ओपीडी ठरावीक वारीच असते, म्हणून फोन करून वार विचारूनच एस.टी. धरा. नाहीतर दीडशे किलोमीटर जाऊन 'गुरुवारी या' ऐकून परत याल, ते मी फार जणांना करताना पाहिलंय. रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, पॅराथॉर्मोन आणि थायरॉइडचं टीएसएच. दोन्ही हातांचा एक्स-रे. आणि जाण्याआधी, जिथे तुकडा तपासला होता त्या प्रयोगशाळेतून रिपोर्टाबरोबर तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचेची स्लाइड मागून घ्या. लोक फक्त कागद नेतात, मग तिथले डॉक्टर पुन्हा तुकडा काढतात.

जीएनएएसची जनुक तपासणी त्यानंतरची. ती महाग असते, सगळीकडे होत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, तिच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांना विचारा की एखाद्या संशोधन प्रकल्पातून होईल का. दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारचं २०२१चं धोरण आहे, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातल्या केंद्रांपैकी एक आहे. धोरणाच्या यादीत ठरावीकच आजार येतात, पण तिथल्या जनुकशास्त्र विभागाचा सल्ला घ्यायला यादीची अट नाही. बिघाड नेमका कोणता ते एकदा कळलं की पुढे मुलाच्या वेळी गरोदरपणात लवकर तपासता येतं. तपासून काय ठरवायचं ते तुम्ही दोघांनी. त्यात मी बोलणार नाही.

उपचाराबद्दल खोटी आशा देत नाही. बनलेलं हाड विरघळवणारं खात्रीचं औषध नाही. जो खडा टोचतो, घासतो, कातडी फाडून बाहेर येतो, तो शस्त्रक्रियेने काढता येतो. कधी परत येतो. जो गप्प आहे त्याला गप्प राहू द्यावं. कॅल्शियम कमी निघालं तर त्यावर मात्र चांगले उपचार आहेत, कॅल्शियम आणि कॅल्सिट्रायोल नावाची गोळी, थायरॉइडची गरज असल्यास तीही. बोटं आखडणं त्याने थांबू शकतं. म्हणजे ज्या त्रासाला तुम्ही थंडी समजत होता तोच सगळ्यात सोपा निघू शकतो.

बिब्बा पुन्हा नाही. सुईने खडा उकरणं नाही, हाडवैद्याकडून तेलाने रगडून घेणं नाही. खांद्यामागच्या खड्यावर फवारणीच्या पंपाचा पट्टा घासत असणार. जाड फडकं घाला, आणि त्या जागी जखम असेल त्या दिवशी फवारणी दुसऱ्या कोणाला करू द्या. उघड्या जखमेतून औषध अंगात भिनतं. २०१७ साली आपल्या जिल्ह्याने फवारणीतल्या विषबाधेने काय सोसलं ते तुम्हाला मी सांगायला नको.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी, कारण कातडीतलं हाड म्हटलं की प्रत्येकाचं तुमच्यासारखंच असतं असं नाही. बहुतेकांत ते जुन्या व्रणात, मसात किंवा गाठीत आपोआप होतं आणि त्याचा घराण्याशी काही संबंध नसतो. वर्षानुवर्षं मुरूम असलेल्या बायकांच्या गालावर बारीक कडक दाणे येतात, तेही हाड असू शकतं. मेडिकलमधून आणलेली गोरं करणारी मलमं चोळून ते जात नाहीत, कातडीचे डॉक्टर बारीक छेद देऊन किंवा लेझरने काढू शकतात. दुसरी गोष्ट आईवडिलांसाठी, आणि ती जास्त महत्त्वाची. बाळाच्या कातडीत कडक चकत्या दिसल्या तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. आणि बाळाच्या पायाचे अंगठे पाहा. ते जन्मापासूनच आखूड आणि आत वळलेले असतील आणि अंगावर, विशेषतः मान-पाठीवर, अचानक सूज येऊन कडक होत असेल, तर तो वेगळाच आजार असू शकतो, ज्यात स्नायूंचंच हाड बनत जातं. त्यात गाठ कापून तपासणं किंवा दंडात-मांडीत इंजेक्शन देणं यानेच नवीन हाड सुरू होतं. म्हणून अंगठे दाखवल्याशिवाय कोणाला काही कापू देऊ नका. तुमचे अंगठे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, भाऊ; पण तुकडा निघाला ती जखम भरून आली म्हणता, आणि खडे कातडीतच आहेत, तेव्हा त्या बाजूची फार काळजी मला वाटत नाही. डॉक्टरांना दाखवा मात्र.

राहिली आई. तुम्हाला ती आडकाठी वाटते. मला वाटतं ती घाबरलेली आहे, आणि सोयरिकीसाठी नव्हे. बोटं तिची आहेत. हे आईकडून आलं असं कागदावर लिहून आलं तर तुमच्या वडिलांकडची माणसं काय बोलतील ते तिला चांगलं माहीत आहे. इतकी वर्षं तिने मूठ मिटून वाढप केलं असेल. म्हणून नागपूरला जाल तेव्हा तिलाही न्या, तिचंही रक्त द्या, तिच्याही हाताचा एक्स-रे काढा. तिला 'तुझ्यामुळे झालं का ते पाहू' असं सांगू नका. 'तुझंही कॅल्शियम पाहून घेऊ' म्हणा, ते खरंही आहे. आणि डॉक्टर आजोबांबद्दल विचारतील तेव्हा तिला बोलू द्या. आजोबांची बोटं कशी होती हे आता तिच्याशिवाय कोणाला आठवत असेल असं वाटत नाही.